शब्द मोकळे, चाल बांधलेली : ग्वाल्हेरच्या एका कव्हर अल्बमचा प्रकरण अभ्यास

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या आणि हिंदी पॉप गाण्यांमुळे तरुण श्रोत्यांत ओळख मिळवलेल्या एका मराठी गायिकेने २०२४ मध्ये आपला पहिला मराठी स्टुडिओ अल्बम करायचे ठरवले. त्यात स्वतःचे एकही नवे गाणे न घेता, पूर्वी गायली गेलेली गाणीच आपल्या पद्धतीने गायची, असा तिचा निश्चय होता. या अल्बमच्या परवानग्या, करार आणि श्रेयनामावली यांचे काम माझ्याकडे होते. गायिकेच्या इच्छेनुसार तिचे आणि तिच्या सहकाऱ्यांचे नाव येथे दिलेले नाही. प्रकरण मात्र सविस्तर मांडत आहे, कारण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांतून अशा अल्बमांचे बेत आता वारंवार कानावर येतात आणि बहुतेकांचा घोळ एकाच ठिकाणी होतो. गाणे ही एकच वस्तू आहे आणि तिचा मालकही एकच आहे, असे सगळे धरून चालतात.

गायिकेच्या घरात बोलणे मराठी, पण तिचे शिक्षण आणि गाण्याचा व्यवहार सगळा हिंदीत झालेला. भावगीते तिच्यापर्यंत आजीच्या कॅसेटमधून आली. पहिली यादी आठ गाण्यांची होती. भा. रा. तांबे यांची तीन गीते, ‘सौभद्र’ आणि ‘मानापमान’ या संगीत नाटकांतील एकेक पद, तुकारामांचा एक अभंग, भोंडल्याचे एक गाणे आणि १९५० च्या दशकातील एक हिंदी चित्रपटगीत अशी ती यादी. हिंदी गीत लवकरच गळाले, कारण इतर सात गाण्यांशेजारी ते परके वाटत होते आणि तिच्या हिंदी श्रोत्यांसाठी ठेवलेली ती सवलत आहे हे तिलाही मान्य झाले. उरलेल्या सात गाण्यांची कथा मात्र प्रत्येकाची निराळी निघाली.

प्रकरणाला तोंड फुटले ते अल्बमच्या आधीच. ‘जन पळभर म्हणतील’ या गीताचे ध्रुवपद आणि एक कडवे गायिकेने केवळ गिटारच्या साथीवर गाऊन त्याचे चित्रण ऑनलाइन प्रसिद्ध केले होते. थोड्याच दिवसांत त्यावर संगीताच्या हक्काचा दावा आला आणि त्या चित्रणाचे उत्पन्न हक्कधारकाकडे वळवले जाईल, अशी सूचना मिळाली. घरातल्या मंडळींना हे अन्यायाचे वाटले. तांबे ७ डिसेंबर १९४१ रोजी याच ग्वाल्हेरमध्ये निवर्तले, ते या संस्थानचे राजकवी होते, त्यांची कविता तर आता सर्वांची आहे, मग दावा कोणाचा, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर शोधताना सगळी यादी नव्याने तपासावी लागली.

तांब्यांचे शब्द मोकळे आहेत, हे घरच्यांचे म्हणणे बरोबरच होते. भारतीय कायद्यानुसार साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूरही १९४१ मध्येच गेले. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता, म्हणून त्या वर्षाच्या शेवटच्या दिवसांत वटहुकूम काढून मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. वाढ रवींद्रनाथांमुळे झाली, पण ती त्याच वर्षी गेलेल्या तांब्यांनाही आपोआप लागू झाली आणि दोघांचे साहित्य ३१ डिसेंबर २००१ रोजी मुक्त झाले. मुंगावलीला जन्मलेल्या आणि माळवा-ग्वाल्हेरच्या परिसरात आयुष्य घालवलेल्या आमच्या कवीच्या हक्काची मुदत शांतिनिकेतनच्या कवीमुळे वाढली, ही गोष्ट इथल्या मराठी मंडळींपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

शब्द मोकळे झाले तरी आपण गुणगुणतो ते शब्दांहून अधिक काहीतरी असते. ‘जन पळभर म्हणतील’ आणि ‘मधु मागशी माझ्या सख्या परी’ ही गीते घराघरांत पोहोचली ती वसंत प्रभू यांच्या चालींत आणि लता मंगेशकर यांच्या आवाजात. प्रभूंचे निधन १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाले. त्यामुळे त्यांच्या चालींवरील हक्क २०२० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून आहे. तिसरा थर ध्वनिमुद्रणाचा. त्याची साठ वर्षे प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात. समजा एखादी ध्वनिमुद्रिका १९५८ मध्ये बाजारात आली असेल, तर ते ध्वनिमुद्रण १ जानेवारी २०१९ पासून मोकळे झाले, पण त्यातली चाल मोकळी झालेली नाही. दावा आला होता तो चालीवर. गायिकेने जुने ध्वनिमुद्रण वापरलेच नव्हते, तिने तांब्यांचे मोकळे शब्द प्रभूंच्या बांधलेल्या चालीत गायले होते.

ही फोड एकदा हाती आल्यावर यादीतील प्रत्येक गाण्यापुढे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन रकाने भरले. अभंगाने सर्वांना चकित केले. तुकाराम सतराव्या शतकातले, तेव्हा त्यांच्या शब्दांबद्दल शंकाच नाही. पण गायिकेच्या मनात जी चाल होती ती श्रीनिवास खळे यांची. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे ती चाल २०७१ च्या अखेरीपर्यंत बांधलेली. ती चाल घ्यायची तर रीतसर परवानगी हवी, नाहीतर दिंडीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एखाद्या पारंपरिक चालीवर अभंग गावा, असे दोन मार्ग होते. गायिकेने दुसरा स्वीकारला. त्यात अल्बमचा तोटा झाला नाही. टाळ-पखवाजाच्या ठेक्यावरची ती साधी चाल तिच्या आवाजाला अधिक शोभली, असे माझे मत आहे.

नाट्यपदांचे काम सोपे होते, पण डोळे झाकून करण्यासारखे नव्हते. ‘सौभद्र’कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये निवर्तले आणि त्या नाटकातील बहुतेक पदे पूर्वीच्या प्रचलित चालींवर बांधलेली आहेत. ‘मानापमान’ १९११ चे. त्याचे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले आणि चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. म्हणजे शब्द २००९ पासून आणि चाली २०१६ पासून सर्वांच्या. अडचण अशी की आज कानावर असलेले पद टेंब्यांच्या चालीचेच असते असे नाही. पुढच्या गायकांनी त्यात स्वतःची भर घातलेली असते आणि ती भर मैफलीच्या ध्वनिमुद्रणांतून पक्की झालेली असते. म्हणून आम्ही जुन्या ७८ आरपीएम ध्वनिमुद्रिका ऐकून पदाचा गाभा निश्चित केला आणि तेवढाच गायिकेच्या हाती दिला. ताना, पलटे, बोलबनाव यांचा पसारा तिने मुळातच टाळला. नाट्यसंगीताच्या जाणकारांना तो उणेपणा वाटेल, पण पॉप गायिकेने तीन मिनिटांत ख्यालगायकीचा आव आणण्यापेक्षा पद स्वच्छ मांडणे अधिक प्रामाणिक आहे.

खरा निर्णय तांब्यांच्या गीतांचा होता. कायद्याने कव्हर गाण्यांसाठी एक वैधानिक मार्ग ठेवलेला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१ सी आले. त्यानुसार एखादी कृती प्रथम ध्वनिमुद्रित झाल्याच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटली की हक्कधारकाला आगाऊ सूचना देऊन आणि ठरलेल्या दराने आगाऊ रॉयल्टी भरून कोणीही तिचे नवे ध्वनिमुद्रण करू शकतो. त्याच्या अटी मात्र नीट वाचाव्या लागतात. दरवर्षी प्रत्येक कृतीसाठी किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. विशिष्ट भाषेचा किंवा बोलीचा संभाव्य प्रसार पाहून ही किमान संख्या कमी ठरवण्याची तरतूद आहे, पण ती संख्या ठरवण्याचा अधिकार ज्या मंडळाकडे होता ते २०१७ मध्ये दुसऱ्या अपील मंडळात विलीन झाले, ते अपील मंडळही २०२१ मध्ये बरखास्त झाले आणि अधिकार वाणिज्य न्यायालयांकडे गेले. नवे ध्वनिमुद्रण पूर्वीच्याच माध्यमात असावे, जुने माध्यम व्यवहारातून गेले असेल तरच सूट, अशीही अट आहे. प्रतींच्या हिशेबावर उभारलेली ही तरतूद केवळ इंटरनेटवर ऐकल्या जाणाऱ्या अल्बमला कशी लावायची, हा वाद एका लहान शहरातील गायिकेने स्वतःच्या पैशाने लढावा असे मला वाटत नव्हते. ग्वाल्हेरमधल्या मराठी अल्बमसाठी पन्नास हजारांची अट हीच पुरेशी भिंत होती.

गाण्यांची वाद्यरचना करणाऱ्या संगीत संयोजकाने दुसरा मार्ग सुचवला आणि तो मोहक होता. तांब्यांचे शब्द मोकळे आहेत, तर चाली नव्या कराव्यात, म्हणजे ना परवानगी, ना रॉयल्टी. तांबे स्वतः गाण्याच्या अंगाने लिहिणारे कवी. त्यांच्या अनेक कवितांखाली राग, जाती (म्हणजे छंदाचा प्रकार) आणि ‘लष्कर, ग्वाल्हेर’ असे ठिकाण छापलेले आढळते. कवीने सुचवलेल्या रागातच नवी चाल बांधली तर तिला एक वेगळा अधिकार येईल, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यावर एक संध्याकाळ बराच खल झाला. शेवटी गायिकेनेच निकाल दिला. आजीच्या कॅसेटमधून माझ्याकडे आले ते शब्द आणि चाल एकजीव होऊन आले, चाल काढून घेतली तर मी कोणाचे ऋण मानते आहे तेच कळणार नाही, असे तिचे म्हणणे होते. मला ते पूर्णपणे पटले. कव्हर अल्बमचे प्रयोजनच मुळात हे आहे की श्रोत्याला आणि गायकाला ठाऊक असलेली एक सामायिक वस्तू समोर ठेवून तिच्यात आपला आवाज मिळवायचा. चाल बदलली की ते कदाचित चांगले गाणे होईल, पण ते या अल्बमचे गाणे राहणार नाही.

म्हणून तिसरा मार्ग, म्हणजे हक्कधारकाशी थेट करार, निश्चित झाला. वसंत प्रभू यांच्या दोन चालींसाठी हक्कधारक कंपनीकडे अर्ज केला. तांब्यांचे तिसरे गीत ‘घन तमी शुक्र बघ राज्य करी’ हे होते. त्याची चाल हृदयनाथ मंगेशकर यांची. संयोजकाला ते गीत द्रुत लयीत, नाचरे करून हवे होते आणि गायिकेला तेच संथच ठेवायचे होते. चालीचा स्वभाव बदलण्याची परवानगी मागणे मला अनुचित वाटत होते आणि संथ ठेवून त्यात नवे काही सांगण्यासारखे गायिकेकडे नव्हते. अर्ज करण्यापूर्वीच ते गीत यादीतून काढले. अल्बम अशा रीतीने सहा गाण्यांवर आला.

करारात आम्ही काय मागितले ते सांगणे उपयोगाचे आहे. पहिले, ध्वनिमुद्रण आणि चित्रण या दोन्हींचा हक्क स्वतंत्रपणे लिहून घेतला, कारण गाणे ऐकवण्याची परवानगी म्हणजे ते चित्रासोबत दाखवण्याची परवानगी नव्हे. दुसरे, पट्टी बदलण्याची मुभा. लताबाईंची पट्टी उंच आणि आमच्या गायिकेचा आवाज खर्जाकडे झुकणारा. तिने मूळ पट्टीत गायचा आग्रह धरला असता तर वरच्या षड्जाशी पोहोचताना शब्द चिरडले असते. तिसरे, मधल्या सुरावटी आमच्या असतील आणि मूळ ध्वनिमुद्रणातील वाद्यमेळाचे तुकडे आम्ही उचलणार नाही, हे स्वतःहून लिहून दिले. या शेवटच्या मुद्द्याकडे कव्हर करणाऱ्यांचे फार दुर्लक्ष होते. जुन्या गीतातला सतारीचा किंवा व्हायोलिनचा एखादा तुकडा श्रोत्याला चालीइतकाच प्रिय असतो आणि तो वाजवला की गाणे लगेच ओळखीचे होते. पण तो तुकडाही कोणीतरी रचलेला आहे. तो फुकट मिळतो असे मानून घेणे मला कायद्याच्या आधी सभ्यतेच्या दृष्टीने चुकीचे वाटते. चालीला हात लावणार नाही, कडवी गाळणार नाही, हेही करारात आले. परवानगी मिळाली, रक्कम आगाऊ भरली आणि नंतरच्या उत्पन्नातील वाटा ठरला. तांब्यांच्या शब्दांसाठी पैसे द्यायचे नव्हते. तरी कडवी न गाळण्याचा नियम शब्दांसाठीही पाळला, कारण कर्त्याचे नैतिक हक्क सांगणाऱ्या कलम ५७ मधील, कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क कॉपीराइटच्या मुदतीशी बांधणारे शब्द २०१२ च्या दुरुस्तीने काढून टाकलेले आहेत.

स्टुडिओतील काम या अटींमुळे आखडले असेल अशी शंका कोणाला येईल. प्रत्यक्षात उलट झाले. चाल बदलता येत नाही हे ठरल्यावर सगळी बुद्धी आवाज, ठेका आणि स्वरसंगत यांवर एकवटली. तबल्याऐवजी ड्रम वापरताना संयोजकाची पहिली ओढ सरळ चार मात्रांच्या चौकटीकडे होती. दादऱ्याच्या अंगाच्या गीताला ती चौकट लावली की ओळीचे वजन सरकते आणि जिथे शब्दावर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, यायला हवी तिथे ती श्वासावर येते. म्हणून सहा मात्रांचे आवर्तन तसेच ठेवून ड्रमचा ठोका त्यात बसवला. गिटारच्या कॉर्डचेही तसेच. भावगीताची चाल एका स्वरातून दुसऱ्या स्वरात मींडेने, म्हणजे न तुटता सरकत, जाते. खाली कॉर्ड दर मात्रेला बदलत राहिली तर ती मींड ऐकूच येत नाही. शेवटी पुष्कळ ठिकाणी गिटारने केवळ षड्ज-पंचम धरून ठेवले आणि आवाजाला वाट दिली.

सर्वात कठीण भाग स्वरदुरुस्तीचा होता. पॉप ध्वनिमुद्रणात गायकाचा सूर संगणकावर सरळ करून घेण्याची पद्धत आता सार्वत्रिक आहे आणि गायिकेच्या हिंदी गाण्यांत ती भरपूर वापरलेली आहे. तीच पद्धत या गीतांना लावली तेव्हा मींडेच्या पायऱ्या झाल्या आणि आंदोलित गंधार सपाट झाला. संगणकाला तो चढ-उतार चूक वाटतो, गाण्याला तो प्राण आहे. दुरुस्ती पूर्ण काढून टाकली आणि जिथे सूर खरोखर ढळला होता ती ओळ पुन्हा गाऊन घेतली. गायिकेला हे जड गेले, पण तिने तक्रार केली नाही. त्या ओळी अल्बममध्ये आज वेगळ्या उठून दिसतात.

उच्चारांवर याहून अधिक वेळ गेला, आणि ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील प्रत्येक मराठी गायकाने याची आधीपासून तयारी ठेवावी असे मी आग्रहाने सांगेन. हिंदीच्या सहवासात वाढलेल्या जिभेला चंद्रातला च आणि चांदण्यातला च सारखाच येतो. ‘पळभर’ मधील ळ बोलण्यात बरोबर येतो आणि गाताना लांबवला की ल होऊन बसतो. लष्करमधील एक निवृत्त शिक्षिका ध्वनिमुद्रणाला शेजारी बसल्या आणि प्रत्येक ओळ आधी न गाता वाचून घेतली. असे केल्यावर गायिकेच्या श्वासाच्या जागाही बदलल्या, कारण कवितेचा अर्थ जिथे थांबतो तिथेच ती थांबू लागली.

मुखपृष्ठाच्या वेळी कृतज्ञता आणि कायदा समोरासमोर आले. गायिकेला अल्बम लताबाईंना अर्पण करायचा होता आणि त्यांचे छायाचित्र मुखपृष्ठावर हवे होते. कलम ३१ सी मध्ये पूर्वीच्या गायकाचे नाव वा चित्र वेष्टनावर देण्यास स्पष्ट मनाई आहे आणि हे कव्हर ध्वनिमुद्रण आहे असे छापण्याची सक्ती आहे. आमचा करार त्या कलमाखालचा नव्हता, तरी त्यामागचे कारण मला मोलाचे वाटते. १९८० च्या दशकात जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजांतील कॅसेट स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा मूळ कोणते आणि नक्कल कोणती हे ग्राहकाला वेष्टनावरून कळत नसे. १९९५ मध्ये ‘हम आपके हैं कौन’च्या गाण्यांवरून दिल्ली उच्च न्यायालयात गेलेला वाद याच नामसाधर्म्याचा होता. ज्या आवाजाने गाणे अजरामर केले त्याचे चित्र लावून आपला आवाज विकणे, हेतू कितीही निर्मळ असला तरी, श्रोत्याची दिशाभूल करू शकते. गायिकेने ते मान्य केले. मुखपृष्ठावर तिचे स्वतःचे चित्र आले, ‘कव्हर गीते’ हे शब्द ठळक आले आणि लताबाईंबद्दल जे बोलायचे ते ती कार्यक्रमात बोलते.

श्रेयनामावलीत मात्र मी कोणतीही तडजोड होऊ दिली नाही. ऑनलाइन सेवांवर गाण्याखाली बहुधा केवळ गायकाचे नाव दिसते आणि कवी व संगीतकार यांची नावे आत कुठेतरी दडलेली असतात. वितरकाला माहिती पाठवताना कवी, संगीतकार आणि संयोजक यांचे रकाने गाण्यागणिक भरले, पारंपरिक चालींपुढे ‘पारंपरिक’ असे लिहिले आणि चित्रणांच्या शीर्षकातच कवीबरोबर संगीतकाराचे नाव घातले. वसंत प्रभूंची चाल ज्यांना पाठ आहे अशा असंख्य लोकांना त्यांचे नाव सांगता येत नाही, याचे मला मनापासून दुःख होते. ग्वाल्हेरच्या तरुण श्रोत्यांपैकी काहींनी ते नाव या अल्बममुळे प्रथमच वाचले असेल, तर परवानगीसाठी भरलेल्या रकमेपेक्षा मला त्याचे मोल अधिक आहे.

वाद्ये वाजवणाऱ्यांशीही लेखी करार झाले. कायदा वादकालाही कलावंत म्हणून हक्क देतो आणि व्यावसायिक वापराच्या उत्पन्नात त्याचा वाटा मानतो. लहान शहरांत हे काम ओळखीवर आणि रोख रकमेवर चालते. सुरुवातीला वादकांनाच कागद पाहून संकोच वाटला, मग प्रत्येकाने तो वाचून सही केली. नव्या ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्माती म्हणून गायिकेकडे राहिला आणि प्रत्येक गाण्याला स्वतःचा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय, क्रमांक मिळाला.

अल्बम सहा गाण्यांसह प्रसिद्ध झाला. आधीच्या चित्रणावरील दावा हक्कधारकाने करारानंतर मागे घेतला नाही, कारण करार नव्या ध्वनिमुद्रणापुरता होता. गायिकेने ते जुने चित्रण काढून टाकले आणि त्या जागी अल्बममधील गीत ठेवले. संयोजकाने तांब्यांच्या एका कमी परिचित कवितेला कवीने सुचवलेल्या रागात चाल बांधली आहे. ती या अल्बममध्ये नाही. शब्द भा. रा. तांबे आणि संगीत संयोजकाचे स्वतःचे, अशा श्रेयासह ती स्वतंत्र गाणे म्हणून ध्वनिमुद्रित होत आहे आणि तिच्यावर ‘कव्हर’ हा शब्द असणार नाही.